पुढच्या चाकातून घूंऽऽ आवाज येतोय? बेअरिंग बदलायच्या आधी हे करून बघा

गाडी ४० च्या पुढे गेली की पुढून कुठून तरी घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ७०-८० ला तो इतका वाढतो की शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं, आणि गाडी बाजूला घेऊन खाली उतरून बघितलं तर सगळं ठीकठाक, काही लोंबत नाही, काही गळत नाही. गॅरेजला फोन केला तर पलीकडून गाडी न बघताच उत्तर येतं, "बेअरिंग गेलं असणार, घेऊन या." (बेअरिंग म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं ती आत गोट्या असलेली रिंग.) आता गंमत अशी की तो माणूस बरेचदा बरोबर असतो, पण तितक्याच वेळा टायर वाकडातिकडा झिजलेला असतो आणि बेअरिंग बिचारं चांगलं असतं. दोघांचा आवाज इतका सारखा असतो की जुने मिस्त्रीसुद्धा फसतात. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या गाडीची पुढची दोन्ही बेअरिंगं बदलून झाली, बिल भरून झालं, आणि घरी येताना आवाज जसाच्या तसा! शेवटी टायर मागचे पुढे केले तेव्हा आवाज गाडीच्या मागे गेला.

म्हणून खाली जी पद्धत लिहितोय तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फुकटातल्या चाचण्या, मग थोडी मेहनत लागणाऱ्या, आणि पैसे सगळ्यात शेवटी. मी इथे नेहमीची फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी धरलीय, म्हणजे स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, टियागो वगैरे, इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. जीप टाइपच्या काही गाड्यांना पुढे टेपर रोलर बेअरिंग असतं, त्याचा नट सेट करून ढिलेपणा काढता येतो, ती गोष्ट थोडी वेगळी, पण आवाज शोधायची रीत तीच.

आधी आवाज नीट ऐका

हे वाचून हसाल, पण बहुतेक लोक आवाज ऐकतच नाहीत, नुसते वैतागतात. एक दिवस म्युझिक बंद, एसीचा ब्लोअर बंद, काचा वर, आणि शक्यतो गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही एकदा पुढे डावीकडे आणि एकदा मागच्या सीटवर बसून ऐका. ड्रायव्हरच्या सीटवरून प्रत्येक आवाज आपल्याच बाजूचा वाटतो.

ऐकताना एवढंच मनात टिपा: कितीच्या स्पीडला सुरू होतो, स्पीड वाढला की त्याची पट्टी चढते का, ब्रेक दाबला की बदलतो का, वळताना बदलतो का, आणि आवाज सलग आहे की तुटक. शेवटचा मुद्दा जास्त कामाचा. १४ इंची रिमच्या नेहमीच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर धरला तर ६० च्या स्पीडला चाक सेकंदाला नऊएक वेळा फिरतं, पण २० ला फक्त तीन वेळा. तेव्हा २० ला मोजता येईल असा थड-थड-थड येत असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात एकदा काहीतरी होतंय, म्हणजे टायरला फुगा आलाय, किंवा एका जागी सपाट झालाय, किंवा खडा नाहीतर खिळा रुतलाय. आणि सलग घूंऽऽ, पिठाची गिरणी लांबून ऐकल्यासारखा, तर मग बेअरिंग किंवा टायरची झीज, आपला आजचा विषय.

बाकीचे आवाज इथेच वेगळे काढून टाकू. स्टिअरिंग पूर्ण तोडून, म्हणजे टोकापर्यंत फिरवून, यू टर्न घेताना कट-कट-कट येतं ते बहुतेक ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सची ताकद चाकाला पोचवणारा दांडा) बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाकाकडच्या सांध्याचं, खाली वाकून त्याचा रबरी बूट फाटलाय का बघा, फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि ब्रेकवर पाय ठेवला की बदलतो, तर ब्रेक पॅड बघा. पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं खर्रर्र येत असेल तर डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो तो वाकून डिस्कला लागतोय नाहीतर त्यात खडा अडकलाय, कच्च्या रस्त्यावरून आल्यावर हे नेहमी होतं आणि लोक उगाच घाबरतात. खडा असेल तर रिव्हर्स घेऊन चार वेळा मागेपुढे केल्यावर कधीकधी आपोआप पडतो.

इंजिनचा आवाज नाही ना, हे एकदा पक्कं करा

गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, रेस द्या. आवाज उभ्या गाडीतच आला तर तो चाकाचा नाही, विषय संपला, अल्टरनेटर किंवा बेल्टचे पुली बेअरिंग वगैरे बघायला लागेल. एसी चालू-बंद करून पण ऐका.

उभ्या गाडीत काही नाही आलं तर मोकळ्या सपाट रस्त्यावर ६० ला जा, अॅक्सिलरेटर सोडा आणि क्लच दाबा. इंजिन आयडलवर येईल पण चाकं फिरतच राहतील. आवाज तसाच राहिला आणि स्पीड उतरेल तसा हळूहळू खाली आला, तर संशय चाक, टायर, हब (ज्याच्यावर चाक नटांनी बसतं तो मधला भाग) इकडे जातो. रेस सोडल्याबरोबर आवाज एकदम कमी झाला आणि परत रेस दिली की वाढला, तर गिअरबॉक्सकडे बोट जातं. गिअर बदलल्यावर आवाज बदलतो का तेही बघा, म्हणजे त्याच ५० च्या स्पीडला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये. चाकाच्या बेअरिंगला तुम्ही कुठल्या गिअरमध्ये आहात याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त गाडीचा स्पीड कळतो.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर चालत्या गाडीत न्यूट्रल करायच्या भानगडीत पडू नका, नुसती रेस कमीजास्त करून ऐका. आणि कुठल्याही गाडीत आवाज ऐकायला म्हणून चालत्या गाडीचं इंजिन बंद करू नका, ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी जास्त मागे गेली तर स्टिअरिंग लॉक व्हायचा धोका. हे लिहायला लागतंय कारण लोक करतात.

रस्ता बदलून बघा

ही सगळ्यात सोपी चाचणी आणि सगळ्यात कमी लोक करतात. काँक्रीटच्या रस्त्यावर पाणी वाहून जावं आणि पकड मिळावी म्हणून आडव्या बारीक खाचा मारलेल्या असतात, त्यावर चांगल्यातली चांगली गाडी पण गुणगुणते. समृद्धीवर पहिल्यांदा गेलेले कितीतरी जण परत आल्यावर गाडी गॅरेजला नेतात की पुढून आवाज येतोय. अहो रस्त्याचा आवाज आहे तो! मुंबईत पण आता गल्लीबोळ काँक्रीटचे झालेत, तिथेही तेच.

तर काय करायचं, की एकाच स्पीडला, म्हणजे समजा ६० ला, काँक्रीट, जुना खडबडीत डांबरी आणि नवीन गुळगुळीत डांबरी अशा रस्त्यांवर ऐकायचं. तुमच्या घराजवळ नवीन डांबर टाकलेला पट्टा कुठेतरी असेलच, निवडणुकीच्या आसपास तर हमखास. गुळगुळीत डांबरावर जाताच आवाज बराच कमी झाला किंवा त्याचा सूर बदलला तर टायरवर संशय जास्त. आणि कुठल्याही रस्त्यावर गेलं तरी तोच सूर, तीच पट्टी, उलट गुळगुळीत रस्त्यावर बाकीचा गोंगाट कमी झाल्यामुळे तो जास्तच स्पष्ट ऐकू आला, तर बेअरिंगवर.

स्टिअरिंगने डावं-उजवं

आता ही चाचणी सगळ्यांना ऐकून माहिती असते आणि लोक तिच्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. पण करायची नक्की. रिकामा, रुंद रस्ता, मागेपुढे कोणी नाही हे बघून ५०-६० ला स्टिअरिंग हळुवार उजवीकडे आणि मग डावीकडे, लेनच्या लेनमध्येच, झटका नाही द्यायचा. गाडी उजवीकडे वळताना तिचं वजन डाव्या चाकांवर जातं, डावीकडे वळताना उजव्या. म्हणजे उजवीकडे वळवताना घूंऽऽ वाढला आणि डावीकडे वळवताना कमी झाला किंवा गायबच झाला, तर डाव्या बाजूचं बेअरिंग, आणि उलट असेल तर उजवं.

पण यात दोन गोम आहेत. एक, वाकडा झिजलेला टायर पण वजन आलं की जास्त ओरडतो, त्यामुळे वळताना आवाज बदलला म्हणजे बेअरिंगच असं नाही. दोन, हल्लीच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये गोट्यांच्या दोन रांगा असतात, आतली आणि बाहेरची, आणि त्यातली कुठली खराब झालीय त्यावर कधीकधी उत्तर नेमकं उलटं येतं. म्हणून या चाचणीवरून फक्त संशय लिहून ठेवायचा, निकाल नाही द्यायचा. फक्त हीच चाचणी करून एक बाजू उघडणाऱ्या गॅरेजमध्ये मग "दुसऱ्या बाजूचं पण गेलंय साहेब" हे वाक्य ऐकायला मिळतं.

टायरवर हात फिरवा

इथे वेळ घालवा, कारण निम्मी उत्तरं इथेच आहेत. गाडी थंड, हँडब्रेक ओढलेला, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण तोडा म्हणजे पुढच्या टायरची आतली कड पण दिसते. आधी डोळ्याने बघा, कुठे तार बाहेर आलेली नाही ना, कारण गुळगुळीत झालेल्या टायरच्या आतल्या कडेला पोलादी तारा बाहेर येतात आणि हात कापतो. तार दिसली तर पुढचं काही वाचू नका, टायर बदला.

तार नसेल तर तळहात टायरच्या नक्षीवरून आधी पुढच्या दिशेने आणि मग मागच्या दिशेने फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यासारखं खरखरीत लागलं तर आवाजाचा चोर बहुधा सापडला. तसंच आडवा हात फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. प्रत्येक ठोकळ्याची एक कड उंच आणि एक खाली झालेली असते, फिरताना हे ठोकळे रस्त्यावर एकामागून एक आपटतात आणि ६० ला सेकंदाला शेकड्याने आपटले की त्याचा घूंऽऽ होतो. बेअरिंगसारखा हुबेहूब.

टायर कसा झिजलाय त्यावरून कारण पण कळतं. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन बिघडलेत. दोन्ही कडा खाल्ल्या आणि मधला भाग चांगला, तर हवा कायम कमी. मधलाच भाग झिजला तर हवा जास्त. आणि थोड्या थोड्या अंतरावर वाटीसारखे खळगे पडलेत तर शॉकअब्सॉर्बर थकलेत, चाक रस्त्यावर टेकून राहायच्या ऐवजी नाचतंय, किंवा बॅलन्सिंग कित्येक महिन्यांत केलेलं नाही. या खळगेवाल्या टायरचा आवाज सगळ्यात फसवा. नुसता टायर बदलून थांबलात तर नवीन टायर पण तसाच होणार.

नक्षीच्या खाचेत अधूनमधून छोटे रबरी उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण छापलेला असतो, तो उंचवटा १.६ मिलिमीटरचा. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. वय पण बघा, बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, ३२१९ असेल तर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यातला. नक्षी भरपूर आहे म्हणून जुनाट कडक झालेला टायर लोक वापरत राहतात, रबर कडक झालं की आवाजही वाढतो.

आता पक्का पुरावा. चारही टायरचा प्रेशर कंपनीने दरवाज्याच्या चौकटीवर लिहिलेला असतो तेवढा करा आणि पुढचे टायर मागे, मागचे पुढे लावा, त्याच बाजूला. कुठल्याही टायरवाल्याकडे थोडक्या पैशात होतं, आणि असंही दर ८-१० हजार किलोमीटरला करायचंच असतं. टायरवर बाण असेल तर तो बाण पुढच्या दिशेलाच राहिला पाहिजे, बाजू बदलायची नाही. काही महागड्या गाड्यांना पुढेमागे वेगळ्या साइजचे टायर असतात, त्यांना हे लागू नाही. मग त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला परत जा. आवाज मागे गेला किंवा त्याचा सूर बदलला, तर टायर. काडीचाही फरक नाही, तर टायर सुटले आणि बेअरिंग अडकलं.

एक सांगून ठेवतो, अलाइनमेंट केल्यावर आवाज लगेच जात नाही. झिजलेला आकार झिजलेलाच राहतो, अलाइनमेंटने फक्त पुढची झीज थांबते. लोक दुसऱ्याच दिवशी अलाइनमेंटवाल्याशी भांडायला जातात, त्याची काही चूक नसते.

जॅक लावून

इथून पुढे हात काळे होणार आणि थोडी काळजी घ्यायला लागणार. जागा सपाट आणि पक्की पाहिजे, उतारावर नाही, पेव्हर ब्लॉक खचलेल्या पार्किंगमध्ये नाही, रस्त्याच्या कडेच्या मातीत तर अजिबात नाही. हँडब्रेक ओढा, आणि गाडी नंतर न्यूट्रल करायची आहे म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा विटा आधीच लावा. जॅक कुठे लावायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, दाराच्या खालच्या कडेला पुढच्या चाकामागे दोन खाचांच्या मधली जागा. डिकीतला जॅक पंक्चर काढण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. जॅक स्टँड असेल तर लावाच, नसेल तर निदान स्टेपनी काढून गाडीखाली आडवी सरकवून ठेवा, जॅक सटकला तर गाडी तिच्यावर बसेल.

चाक जमिनीपासून चार बोटं वर आलं की गाडी न्यूट्रल करा. आता टायरला एक हात वर आणि एक हात खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरा आणि वरचा हात ढकलत, खालचा ओढत हलवा. मग नऊ आणि तीनच्या जागी धरून तसंच. चांगलं चाक हलतच नाही. टक टक असा ढिलेपणा जाणवला तर कुठल्या दिशेला ते बघा. फक्त नऊ-तीनला हलतंय तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंगमधलं काहीतरी. बारा-सहाला हलतंय तर बेअरिंग किंवा सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचा बॉल जॉइंट, म्हणजे गोल सांधा, आणि या दोघांत फरक करायची एक सोपी युक्ती आहे. आत एकाला बसवून ब्रेक जोरात दाबून धरायला सांगा आणि परत बारा-सहा हलवा. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसवलेलं असतं तो लोखंडी भाग) एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे ढिलेपणा गायब झाला तर तो बेअरिंगमध्ये होता. ब्रेक दाबूनही तसाच हलतोय तर बॉल जॉइंट किंवा आणखी काही.

नंतर चाक हाताने फिरवा. नुसतं ऐकू नका, एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर हलकीच ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना येते, कानाला ऐकू येत नसली तरी येते. मला ही चाचणी सगळ्यात आवडते, एकदा हाताला ती खरखर कळली की परत कधी विसरत नाही. चाक फिरवताना बोटं स्प्रिंगच्या वेढ्यांत किंवा स्पोकमध्ये घालू नका. फ्रंट व्हील ड्राइव्हला चाकाबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचे काही भाग पण फिरतात, त्यामुळे थोडं जड लागणं, पॅडचा बारीक घासल्याचा आवाज येणं हे नॉर्मल आहे. म्हणूनच दुसऱ्या बाजूचं चाक पण उचलून अगदी तसंच फिरवा. नवीन माणसाला एका चाकावरून काही कळत नाही, दोन चाकांची तुलना केली की लगेच कळतं.

आणि कृपा करून जॅकवर एक चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकून इंजिनने फिरवू नका. एक चाक जमिनीवर अडकलेलं असताना उचललेलं चाक मीटरवर दिसतं त्याच्या दुप्पट स्पीडने फिरतं, डिफरन्शियलवर (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) ताण येतो, आणि गाडी जॅकवरून उतरली तर सरळ भिंतीत जाते. हे काम गॅरेजच्या लिफ्टवर करतात, खाली उभा राहून मिस्त्री स्टेथोस्कोपने किंवा लांब स्क्रूड्रायव्हर नकलला लावून कानाने ऐकतो, ते त्यांनाच करू द्या.

बरं, ढिलेपणा नाही आणि खरखर पण नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं का? नाही. सुरुवातीच्या काळात बेअरिंग फक्त वजन असतानाच ओरडतं, हवेत उचललेल्या चाकावर वजनच नसतं. तेव्हा बेअरिंगमध्येच ढिलेपणा सापडला तर ते नक्की संपलं, नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. टायरची अदलाबदल केलीय आणि आवाज हलला नाहीय, तर महिन्याभराने परत उचलून बघा किंवा लिफ्टवर ऐकवा.

अजून एक छोटी चाचणी, शक्यतो कमी ब्रेक मारत १५-२० किलोमीटर चालवून या आणि दोन्ही पुढच्या रिमच्या मध्यभागापासून थोडं अंतर ठेवून हाताची मागची बाजू धरा, हात लावू नका, डिस्क तर भाजते. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम असेल तर काहीतरी घासतंय. पण तो अडकलेला ब्रेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पण असू शकतो, तेव्हा गाडी एका बाजूला ओढते का, जळका वास येतो का, अॅव्हरेज पडलंय का हे सोबत बघा.

बेअरिंग जातं कशाने

आपल्याकडे मुख्य कारणं दोन, खड्डे आणि पाणी. खड्ड्यात चाक जोरात आदळलं की गोट्यांचे बारीक ठसे रिंगवर उमटतात, त्या दिवशी काही कळत नाही, पण मग प्रत्येक फेऱ्याला गोटी त्या ठशावरून जाते आणि ठसा मोठा होत जातो. पाण्याचं तर विचारू नका. चालवून गरम झालेलं बेअरिंग एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, ग्रीसची वाट लागते, गंज धरतो. आवाज यायला काही आठवडे जातात, तोपर्यंत पाण्यातून गाडी काढल्याचं लोक विसरलेले असतात. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा जशा गाड्या पाण्याखाली उभ्या राहिल्या तशी तुमची गाडी कधी राहिली असेल, किंवा सेकंडहँड गाडी घेतलीय आणि तिचा इतिहास माहिती नाही, तर चारही बेअरिंगवर नजर ठेवा.

बाकी, बाहेर आलेले रुंद रिम किंवा चाक बाहेर सरकवणारे स्पेसर लावले की वजन बेअरिंगच्या मध्यावर न पडता बाहेरच्या बाजूला पडतं, त्यानेही आयुष्य कमी होतं. प्रेशर वॉशरने हबवर जवळून पाणी मारत बसणारे पण आहेत, नका करू.

किती दिवस चालवायची?

नुसता घूंऽऽ आहे, ढिलेपणा नाही, तर गावात हळू चालवून गॅरेजपर्यंत नेऊ शकता, पण कोकणात जायचा प्लॅन असेल तर काम करूनच निघा. घूंऽऽ चा घर्रर्र झाला, स्टिअरिंगमध्ये हादरे यायला लागले, एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागला किंवा चाक हाताने हलतंय, तर चालवायची नाही, टो करून न्यायची. पूर्ण मोडलेल्या बेअरिंगमुळे चाक निखळू शकतं, ही घाबरवायची गोष्ट नाही, होतं तसं.

गॅरेजमध्ये काय बघायचं

नवशिक्याने बेअरिंग स्वतः बदलू नये हे माझं स्पष्ट मत, कारण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये ते नकलमध्ये प्रेसने घट्ट बसवलेलं असतं, सर्कलिप, म्हणजे त्याला अडकवून ठेवणारी स्प्रिंगची कडी, काढून हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढावं लागतं. काही गाड्यांत हब आणि बेअरिंग एकच युनिट असतं, चार बोल्ट काढले की काम झालं, ते सोपं, पण युनिट महाग.

तुमचं काम आहे बघत उभं राहायचं आणि काही गोष्टी गोड बोलून सांगायच्या. "मिस्त्री, प्रेस आहे ना?" हे पहिलं. हातोड्याने ठोकून बसवलेलं नवीन बेअरिंग काही हजार किलोमीटरमध्ये परत ओरडतं, कारण दाब चुकीच्या रिंगवरून गोट्यांमधून जातो. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर, आणि हब आत दाबताना बेअरिंगच्या आतल्या रिंगला खालून आधार, एवढंच तत्त्व आहे. ज्यांच्याकडे प्रेस नसतो ते नकल लेथवाल्याकडे पाठवतात, तेही चालेल.

दुसरं, एबीएसवाल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते, सेन्सर तिच्यावरून चाकाचा स्पीड वाचतो. ती बाजू सेन्सरकडेच पाहिजे. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत उघडायचं, आणि एकदा प्रेसने काढलेलं बेअरिंग परत वापरायचं नसतं, म्हणजे अजून एक विकत.

तिसरं, एक्सलचा मोठा नट नवीन घ्या, त्याची किंमत किरकोळ असते, आणि तो टॉर्क रेंचने (किती जोराने घट्ट होतोय ते मोजणारा पाना) कंपनीच्या आकड्यावर घट्ट केला पाहिजे. आकडा मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. एअर गनने "फुल टाइट" हा काही आकडा नाही. सैल राहिला तर बेअरिंगच्या आतल्या रिंगा नीट दाबल्या जात नाहीत आणि नवीन बेअरिंग लवकर मरतं. नट घट्ट व्हायच्या आधी गाडीचं वजन चाकावर टाकून ढकलू पण नये.

बेअरिंग चांगल्या कंपनीचं घ्या, गाडीच्या कंपनीचं ओरिजिनल किंवा एसकेएफ, एनबीसी, एफएजी असं काहीतरी, आणि बिल देणाऱ्या दुकानातून, कारण डुप्लिकेटचा धंदा जोरात आहे आणि खोका बघून ओळखू येत नाही. दोन्ही बाजूची एकदम बदलायची गरज नाही, ज्याचा पुरावा मिळाला तेच बदला. हबचा जो दांडा बेअरिंगमध्ये बसतो त्यावर ओरखडे किंवा झीज असेल तर मात्र हबही बदलायला लागेल, तिथे काटकसर नको.

जुनं बेअरिंग मागून घ्या आणि हातात धरून आतली रिंग फिरवून बघा. अडखळत, खरखरत फिरलं, किंवा उघडल्यावर आतल्या रिंगवर खड्डे, गंज, ग्रीसच्या जागी तपकिरी चिखल दिसला तर निदान बरोबर होतं. अगदी लोण्यासारखं फिरत असेल तर मिस्त्रींना विचारायला हरकत नाही.

बाहेर पडताना एबीएसचा दिवा विझलाय का बघा, आणि ज्या रस्त्यावर आधी आवाज ऐकला होता त्याच रस्त्यावर त्याच स्पीडला ऐका. नकल काढताना स्ट्रटचे (शॉकअब्सॉर्बर आणि स्प्रिंगची जोडी) बोल्ट सोडलेले असतात म्हणून अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी टायरची आतली कड खाल्लेली असेल आणि तोच आवाज टायरमधून यायला लागेल. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटर चालल्यावर पान्याने एकदा परत तपासा.